नाव नसलेलं कार्ड

शिरूरमध्ये एका संस्थेच्या केंद्रात मी औषधं देण्याचं काम करते. एचआयव्ही असलेल्या माणसांना लागणाऱ्या गोळ्या आमच्याकडे महिन्याच्या महिन्याला मिळतात. रोज एक गोळी, जन्मभर. ती चुकली नाही तर माणूस चारचौघांसारखा जगतो, शेत करतो, पोरांची लग्नं करतो, म्हातारा होतो. पण आमच्या भागात त्या आजाराचं नाव आजही कुणी मोठ्यानं घेत नाही. म्हणून आमच्या दारावर पाटी नाही. इमारतीच्या पहिल्या मजल्यावर शिवणक्लास आहे, झेरॉक्सचं दुकान आहे, बचत गटाचं ऑफिस आहे आणि टोकाला आमची खोली. दारावर नुसता सात आकडा.

मी न्हावऱ्याची. सकाळी चौफुल्याहून शिरूरला जाणारी एसटी धरायची आणि संध्याकाळी उलट्या दिशेची. घरी सांगितलं होतं, संस्थेत क्लार्क आहे. ते खोटं नव्हतं.

सुरुवातीची वर्षं आमच्याकडे एक जाड रजिस्टर होतं. नाव, गाव, मोबाईल नंबर, गोळ्या नेल्याची तारीख आणि सही, पानाच्या माथ्यावर आजाराचं छापील नाव. मांडवगण फराट्याहून एक बाई यायची. नवरा वारलेला, घरची पिठाची गिरणी ती एकटी चालवायची. कितीही तोंड धुऊन आली तरी भुवयांत पीठ राहिलेलं असायचं. माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठी असेल, पण मला ताई म्हणायची. आली की पाच मिनिटं बसायची, गावातल्या गमती सांगायची, हसायची आणि जायची.

एके दिवशी पाण्याचे जार टाकणारा नेहमीचा माणूस आला नाही. त्याच्या जागी दुसरा आला, चाळिशीचा. मी गोळ्यांची पेटी काढायला आतल्या कपाटाकडे गेले होते आणि रजिस्टर टेबलावर उघडंच राहिलं होतं. परत आले तर तो जार खाली टेकवून पानाकडे बघत उभा. मी रजिस्टर मिटलं.

‘आमच्याच गावची हाय की ही,’ तो म्हणाला.

एवढंच. हसला नाही, काही विचारलं नाही. रिकामा जार उचलून गेला. मी कुणाला काही बोलले नाही. तो विसरेल, असं मनाशी म्हटलं.

पुढच्या महिन्यात ती आली आणि टेबलासमोर बसली. गोळ्यांची पिशवी मी पुढं सरकवली, तिनं हात लावला नाही.

‘ताई, आठ दिस झालं, गिरणीवर कोन दळान टाकत न्हाई.’

मी पेनाचं टोपण काढत-लावत राहिले.

‘दळून ठिवलेले डबे हायत, ते सुदिक कोन न्यायला येईना. पीठ तसंच पडलंय.’ मग ती जरा पुढं झुकली. ‘माजं नाव हितं कुणी बघितलं का वो?’

‘न्हाई,’ मी म्हणाले. ‘हितून काहीच बाहेर जात न्हाई.’

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. एखाद्या लहान पोरानं समोरासमोर खोटं बोलावं आणि आपण त्याला तसंच सोडून द्यावं, तसं बघितलं. मग पिशवी उचलून गेली. ती पुन्हा आली नाही. फोन केला तर बंद. पाचसहा महिन्यांनी कळलं की गिरणी विकून ती माहेरी गेली होती, गोळ्या सोडल्या होत्या, आणि तिथंच वारली.

मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. न्हावऱ्यात आमच्या घरामागच्या आळीत गिरणी आहे. तिचा पट्टा फिरायला लागला की मी हातातलं काम टाकून दुसऱ्या खोलीत जाते. दळणाचा डबा घेऊन त्या दारात मी त्यानंतर कधी उभी राहिले नाही. बाजारात एखादी बाई पाठमोरी दिसते, पदर झटकते, आणि मला वाटतं, आता ही वळेल आणि तोच प्रश्न विचारेल.

त्यानंतर सालभरातच रजिस्टर बंद झालं. माझ्यामुळं नव्हे, माझं तर कुणाला ठाऊकच नव्हतं. संस्थेनं काही केंद्रांत कार्डाची नवी पद्धत करून बघायची ठरवलं होतं, त्यात आमचं केंद्र होतं. ती समजावून द्यायला पुण्याहून एक इंजिनिअर बाई आली. तिशीची, केस आखूड, बोलायला मोकळी. तिनं पांढरं प्लास्टिकचं कार्ड माझ्या हातात दिलं. मी उलटून-पालटून बघितलं. त्यावर नाव नव्हतं, फोटो नव्हता, नंबरसुद्धा नव्हता.

‘मग हे कुणाचं, ते कसं कळणार?’ मी विचारलं.

‘नाहीच कळणार. तेच तर करायचंय.’

तिनं सावकाश सांगितलं. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर एकदा कागद तपासतात आणि कार्डात शिक्कामोर्तब करून देतात, की या माणसाला ही औषधं द्यायला हरकत नाही. मग तो माणूस कोणत्याही केंद्रावर येतो, यंत्रावर कार्ड टेकवतो, स्वतःचे चार आकडे दाबतो. कार्ड यंत्राला फक्त एवढंच पटवून देतं की शिक्का खरा आहे. माझ्या पडद्यावर हिरवी खूण येते आणि कोणत्या गोळ्या द्यायच्या ते येतं. नाव येत नाही. पुण्याला कळत नाही की गोळ्या कुठून नेल्या, आणि मला कळत नाही की नेल्या कुणी. दर खेपेला यंत्रात नवाच आकडा उमटतो. मागच्या महिन्यात आलेला आणि आज आलेला माणूस एकच की दोन, हे यंत्रालाही सांगता येत नाही.

मला ते झेपेना. ती म्हणाली, ‘मतदानाची शाई बघा ना. बोटावर शाई आहे म्हणजे मत दिलं. कुणाला दिलं, ते शाई सांगते का?’

‘न्हाई.’

‘झालं तर.’

‘आणि एकानंच दोनदा नेल्या तर?’

‘महिन्याला एकच परवानगी निघते कार्डातून. ती वापरली की पुढच्या महिन्यापर्यंत दुसरी नाही.’

मी बराच वेळ त्या कार्डाकडं बघत बसले. मग विचारलं, ‘आणि कुणी यायचं थांबलं तर? ते कसं कळणार?’

तिनं डोक्यातून हात फिरवला. ‘ते नाही कळणार,’ ती म्हणाली. ‘ते आम्हाला अजून नीट सुटलेलं नाही.’

तेव्हा मला ती किंमत फार वाटली नाही. रजिस्टर गेलं याचाच आनंद मोठा होता. टेबल काढून तिथं दुधी काचेची भिंत केली, खाली वीतभर उंचीची खिडकी ठेवली. पलीकडं माणूस, अलीकडं मी. मला फक्त हात दिसणार. नियमही कडक झाले. बाहेर कुणी दिसलं तर आपण ओळख दाखवायची नाही. आणि कुणीही, अगदी घरच्या माणसानं येऊन विचारलं, तरी ‘होय’ म्हणायचं नाही आणि ‘नाही’ही म्हणायचं नाही. कारण एकाला ‘नाही’ म्हटलं की दुसऱ्याच्या वेळी गप्प बसणं हेच ‘होय’ होतं.

मी ते नियम देवाच्या नेमासारखे पाळले. का पाळले, ते मलाच माहीत होतं.

पण यंत्र विसरत होतं, मी विसरत नव्हते. हातांनाही चेहरे असतात, हे मला त्या खिडकीनं शिकवलं. कांदा काढणीचे हात, ज्यांच्या बोटांच्या पेरांत माती कायमची बसलेली असते. कंपनीत मशिनवर काम करणाऱ्यांचे, तेलाचा वास साबणानं न गेलेले. मेंदीचे. मला कुणी ओळखायला सांगितलं नव्हतं, तरी मी ओळखायचे.

त्यांत एका पुरुषाचे हात होते. डाव्या करंगळीचं वरचं पेर तुटलेलं. नखं हिरवट, आणि हातांना कधी झेंडूचा, कधी शेवंतीचा वास. म्हणजे फुलांचं रान असणार. तो मंगळवारी यायचा. कार्ड टेकवताना दोन्ही हातांनी धरायचा, एखाद्याला प्रसाद द्यावा तसं. बोलायचा फार कमी. ‘द्या ताई’ आणि ‘येतो’, बास.

एकदा सकाळी न्हावऱ्याला मी एसटीत चढले. गर्दी होती. एकाच बाकावर एक जागा दिसली, जाऊन बसले. शेजारच्या माणसाचा हात पुढच्या दांडीवर होता, आणि करंगळीचं पेर नव्हतं. मी मान खाली घातली. त्यानंही मला ओळखलं असणार, कारण त्यानं हात काढून मांडीवरच्या पिशवीखाली सरकवला. शिरूरपर्यंत आम्ही दोघं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, परक्यासारखे बसलो. मध्येच तो म्हणाला, ‘खिडकी लावू का? धूळ यायलीय.’ मी ‘लावा’ म्हणाले. स्टँडवर उतरल्यावर तो उगाच वडापावच्या गाड्याकडं वळला, म्हणजे मला पुढं निघता यावं. त्याचा चेहरा मी तेव्हा एकदाच बघितला, तोही बाजूनं. पांढरी खुरटी दाढी, कानामागं घाम.

मग एका मंगळवारी ते हात आले नाहीत. दुसऱ्या महिन्यात नाहीत, तिसऱ्याही नाहीत. यंत्रात बघायची सोय नव्हती. पूर्वी रजिस्टरात रकाना रिकामा राहिला की तो डोळ्यांना टोचायचा. आता रिकामा राहायला रकानाच नव्हता. आमच्या वरच्या मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, ‘अगं, कार्ड कुठंही चालतं. दौंडला जात असेल तो.’ असेलही. पण मी एसटीत चढले की आधी दांडीवरचे हात बघायचे. माणसं अवघडायची, हात काढून घ्यायची.

चौथ्या महिन्यात, दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी दार ढकलून आत आली. बाविसेक वर्षांची, कॉलेजची सॅक पाठीला, चेहरा उन्हानं रापलेला. काचेच्या बाजूच्या दारात मी डबा उघडून बसले होते. तिनं सॅकमधून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात आमचं पांढरं कार्ड होतं आणि एसटीच्या तिकिटांचा गठ्ठा, रबर लावलेला.

‘मॅडम, हे तुमच्याकडचं हाय का?’

मी डब्याचं झाकण लावलं. ‘कुठून आलात?’

‘खुटबावहून. माझ्या वडलांच्या कपाटात घावलं. ते वारले, तीन म्हयने झाले. शेवंतीच्या रानात पाईप उचलताना छातीत कळ आली, दवाखान्यापतूर बी पोचले न्हाईत.’

मला मंगळवारचे ते हात आठवले. मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढं ठेवला आणि तो मीच प्यायले.

ती सांगत राहिली. गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडं कार्ड लावून बघितलं, काही निघालं नाही. बँकेत नेलं, तिथं म्हणाले आमचं नाही. तिकिटं सगळी चौफुला ते शिरूर, दर महिन्याचं एक. मग दोन दिवस ती शिरूर हिंडली. स्टँडजवळच्या चहावाल्यानं सांगितलं, असलं कार्ड या इमारतीत जाणाऱ्या कुणाच्या तरी हातात बघितलंय. शिवणक्लासला विचारलं, बचत गटाला विचारलं, आणि आता मी.

‘हे ऑफिस कशाचं हाय?’

‘संस्थेचं.’

‘कसल्या?’

‘बरीच कामं असतात.’ माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

तिनं कार्ड माझ्या डब्याशेजारी ठेवलं. ‘आई म्हणती, शिरूरला त्यांची दुसरी बाई व्हती. म्हणून म्हयन्याला जायचे. मला खरं वाटत न्हाई, पर आईच म्हणती तर...’ ती थांबली. ‘तुम्ही मला बाकी काई नका सांगू. फकस्त एवढं सांगा, हे कार्ड तसल्या कशाचं न्हाई ना?’

मला एक शब्द बोलायचा होता. ‘न्हाई.’ एवढा एक. पण तो बोलले असते तर तिचा पुढचा प्रश्न होता, मग कशाचं? आणि त्याच्या पुढचा, तुम्हाला कसं ठाऊक? मांडवगणच्या बाईच्या पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया मला दिसत होत्या.

‘असली कार्डं पुष्कळ ठिकाणी असतात,’ मी म्हणाले. ‘मला सांगता यायचं न्हाई.’

‘यायचं न्हाई का सांगायचं न्हाई?’

मी डब्याचं झाकण पुन्हा दाबलं. तिनं कार्ड उचललं, पिशवीत टाकलं, गठ्ठ्याचं रबर नीट केलं. दारात जाऊन म्हणाली, ‘म्हंजी खरंच हाय तर.’ आणि गेली. मी मागून जिन्यापर्यंत पळत गेले आणि तिथंच कठड्याला धरून उभी राहिले. खाली तिची सॅक गर्दीत दिसेनाशी झाली.

मग दुसरीच भीती सुरू झाली. त्या माणसाची बायको. तिची तपासणी झाली होती का? तिला काही ठाऊक तरी होतं का? की ती नवऱ्याला नावं ठेवत बसली आहे आणि तिच्या अंगात तेच रोज वाढतं आहे? मॅडम म्हणाल्या, ‘ती आली तर आपण सगळं करू. आपण तिच्या दारात जायचं नाही. दारात गेलो की गाव बघतं.’ त्यांचं बरोबर होतं. मी तरी एका रविवारी खुटबावला गेले. घरी सांगितलं, मैत्रिणीकडं जाते. स्टॉपवर उतरले, रस्त्याकडेच्या झाडाखाली उभी राहिले. मला त्या माणसाचं नाव माहीत नव्हतं. कुणाचं घर म्हणून विचारणार होते? करंगळी तुटलेल्या माणसाचं? तसं विचारलं असतं तर गावानं मलाच विचारलं असतं, तुमची न् त्याची वळख कशी? शेवंतीचे दोनतीन पट्टे रस्त्यावरून दिसत होते. एकात कुणीच नव्हतं, फुलं न तोडता सुकून काळी पडली होती. ते त्यांचंच असेल असं काही नाही. मी पुढच्या गाडीनं परत आले.

त्यानंतरच्या शनिवारी खिडकीत बाईचे हात आले. उन्हानं काळवंडलेले, आणि मनगटावर फिकट पट्टा. बरीच वर्षं भरलेल्या बांगड्या नुकत्याच उतरवल्यावर राहतो तसा. त्यांनी कार्ड टेकवलं, आकडे दाबले. हिरवी खूण आली. मी गोळ्यांचा डबा पुढं केला. त्यांनी तो घेतला, पण हात खिडकीतून मागं गेले नाहीत.

‘माजी लेक आलती ना हितं? कार्ड घिऊन?’

मला उत्तर द्यायचं नव्हतं. नियम तोच होता. काचेपलीकडं त्यांचा श्वास ऐकू येत होता.

‘आलती,’ त्याच म्हणाल्या. ‘मला सांगितलं तिनं. सात नंबरच्या बाईनं काई सांगितलं न्हाई म्हणून लई रडली. बरं केलं तुम्ही.’

बाहेर कोणी नव्हतं. मी काचेजवळ सरकले. ‘मावशी, तुम्ही कवापासून येता?’

‘त्यांच्या संगट कार्ड निघालं माजं. ते मंगळवारी यायचे, मी शनिवारी. एका दिशी दोगं दिसलो तर कुणाच्या डोळ्यावर यील, म्हणून.’

किती शनिवार हे हात माझ्यासमोर येऊन गेले असतील. एकाच घरातली दोन माणसं, एकाच रानातल्या फुलांचा वास, आणि मला ते कधी जोडता आलं नव्हतं. यंत्राला जोडता येऊ नये हीच तर त्याची करामत होती. मी मात्र स्वतःला फार हुशार समजत होते.

‘मग तिला दुसऱ्या बाईचं...’

‘मीच सांगितलं. कार्ड तिच्या हाताला लागलं, तिकिटं लागली. ती इचारायला लागली. काय सांगू?’ त्यांचा आवाज एकसारखा होता, चढत नव्हता, उतरत नव्हता. ‘बाई व्हती म्हणलं तर गाव चार दिस बोलंल आन् इसरंल. असल्या गोष्टी गाव इसरतं. ह्ये कळलं तर न्हाई इसरायचं. तिचं लगीन ठरायचंय.’

‘पण तिला सांगितलं तर ती कुणाला बोलणार न्हाई. शिकलेली हाय.’

‘शिकलेली हाय म्हणून तर भ्या वाटतं. सोयरीक आली की खरं सांगून बसंल.’

‘ती वडलांना दोष देतीय मावशी.’

‘दिऊ द्या. त्यास्नी आता ऐकू येत न्हाई. आमी दोगांनी कवा एकमेकाला इचारलं न्हाई, कुणामुळं कुणाला झालं. इतकी वर्सं संगट गोळी घ्यायचो, रातच्याला जेवण झालं की ते पाण्याचा तांब्या भरायचे. तसल्या माणसाच्या नावावर मी बाई घातली.’ मग हात मागं गेले. ‘येते,’ त्या म्हणाल्या, आणि पायरीचा आवाज झाला.

त्या दिवसानंतर मला जास्त करून तोच दिसायला लागला, बाजूनं बघितलेला चेहरा. एसटीत शेजारची जागा मोकळी राहिली की मी तिथं पिशवी ठेवायचे आणि मग उचलून मांडीवर घ्यायचे, कुणाची तरी जागा अडवल्यासारखं वाटायचं. वाटायचं, हा आता काही तरी म्हणेल. माझ्या लेकीला एक शब्द सांगता आला नाही का तुम्हाला? आणि त्याच वेळी हेही वाटायचं की तो असता तर त्यानंच मला गप्प बसायला सांगितलं असतं. दोन्ही एकदम खरं वाटायचं. मांडवगणच्या बाईचं नाव माझ्या हातून बाहेर गेलं आणि ती गेली. याचं नाव मला ठाऊकसुद्धा नव्हतं, ते मी कुलपात ठेवलं आणि त्याची अब्रू गेली. मी नियम चांगला पाळला, असं कुणी म्हणालं असतं तर मला ओरडावंसं वाटलं असतं.

मावशी काही महिने शनिवारी येत राहिल्या. पुन्हा बोलल्या नाहीत, मीही नाही. मग त्याही यायच्या थांबल्या. मी मॅडमना फोन केला नाही. त्या काय म्हणतील ते मला पाठ होतं.

ती मुलगी येऊन गेल्याला वर्षभर तरी झालं असेल. दुपारी दारात ती मुलगी उभी. आता साडीत, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा अजून पुरता उतरलेला नाही. मी उठून उभी राहिले.

‘आई दौंडला दवाखान्यात व्हती,’ ती म्हणाली. ‘न्यूमोनिया झाला. माझं सासर दौंडलाच हाय, म्हणून तिकडं आणली. डॉक्टरनी इचारलं, कोणत्या गोळ्या चालू हायत. ती सांगंना. मंग मला एकटीला जवळ बोलावलं न् सांगितलं.’

‘आता कशा हायत?’

‘बरी हाय. गोळ्या आता दौंडातनंच घेती. मी बी तपासून घेतलं, मला काई न्हाई.’ ती खुर्चीवर बसली, मला न विचारता. ‘तुम्हाला तवा ठाऊक व्हतं.’

मी होय म्हणून मान हलवली.

‘माझ्या लग्नात वडलांचा फोटो मांडवात ठेवायचा म्हणत व्हता चुलता. मी ठेवू दिला न्हाई. सगळ्या पाव्हण्यांच्या म्होरं म्हणाले, त्या माणसाचा फोटो नको. आई तिथंच उभी व्हती. काई बोलली न्हाई.’ ती हातातला चुडा मागं-पुढं सरकवत होती. ‘वर्षश्राद्धाला गेले न्हाई मी. तुम्ही एक शब्द बोलला असता तर गेले असते.’

‘व्हय,’ मी म्हणाले.

‘मी लई शिव्या दिल्या तुम्हाला मनात. मंग आईचं कळल्यावर वाटलं, तुम्ही तवा सांगितलं असतं, आन् मी सोयरिकीच्या आधी कुणाला बोलले असते, तर काय झालं असतं. ते बी मला कळतं. पर राग जात न्हाई.’

मी तिला सांगितलं की तो जाऊही नये. राग असू द्या म्हटलं. त्याहून वेगळं काही मला सुचलं नाही. नवऱ्याला सांगितलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही, मग आईला दवाखान्यातून आणायला तोच गाडी घेऊन गेला.

शिवणक्लासच्या मशिनी सुरू झाल्या, बंद झाल्या. मग तिनं विचारलं, ‘ते हितं आले की काई बोलायचे का?’

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी असं विचारत होतं की ज्याचं उत्तर द्यायला मला कसलीच आडकाठी नव्हती. तरी ‘ते इथं यायचे’ हे तीन शब्दही मी कधी कुणाबद्दल उच्चारले नव्हते.

‘यायचे,’ मी म्हणाले. ‘फार बोलायचे न्हाईत. एकदा विचारलं होतं, पहाटं टेम्पोला फुलं द्यायला जावं लागतं, तर गोळी उपाशीपोटी चालंल का. मी म्हटलं, रात्री घ्या. आणि एका दसऱ्याच्या आधी खिडकीत ओंजळभर शेवंती ठेवून गेले. पिवळी. काही बोलले न्हाईत, नुसती ठेवली. मी म्हटलं, आम्हाला काही घेता येत न्हाई. तर म्हणाले, तुम्हाला न्हाई, यंत्राला वाहा. खंडेनवमी हाय.’

ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली. पदर तोंडात धरून, आवाज न करता, बराच वेळ. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, मला तो हक्क वाटला नाही. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं, मग मला वडिलांचं नाव सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तिनं पूर्ण सांगितलं, आजोबांच्या नावासकट, आणि मी ते ऐकून घेतलं.

तिला चौफुल्याची गाडी धरायची होती. त्या दिवशी ती आधी खुटबावला जाणार होती, घर बंद असल्यानं झाडून घ्यायला. मी तिला स्टँडपर्यंत सोडायला निघाले, तर ती म्हणाली, ‘नका येऊ. कुणी बघितलं तर.’ मी दारातच थांबले.